तळ्यातला मासा का मेला? मराठवाड्यातल्या तलावाचं पाणी, मासा आणि गाळ तपासण्याची पद्धत

मासे मेल्याचा फोन साधारण सकाळी नऊच्या सुमारास येतो. तोपर्यंत गावात निकाल लागलेला असतो: कुणीतरी औषध टाकलं. काही वर्षांपूर्वी लातूर-धाराशिवच्या सीमेवरच्या एका पाझर तलावावर मी असाच गेलो होतो. कॉलेजातून ऑक्सिजन मोजायचं किट घेतलं, जेवण उरकलं आणि दुपारी साडेबाराला पोचलो. काठाला दीड-दोन किलोचे कटले पांढरी पोटं वर करून लागलेले. पाण्यातला ऑक्सिजन मोजला तर लिटरमागे ९ मिलिग्रॅम. पाणी उत्तम आहे, विषबाधाच असणार, असं मी सांगून मोकळा झालो. तो तलाव ठेक्यानं घेतलेल्या मच्छीमार संस्थेतले एक वयस्क भोईमामा एवढंच म्हणाले, "सर, मासा पहाटं मरतो अन् तुमी जेवून येताव."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला त्यांच्याच थर्माकोलच्या तराफ्यावर बसून त्याच जागी पाणी भरलं. ऑक्सिजन १ मिलिग्रॅमच्याही खाली होता. विष कुणीच टाकलं नव्हतं. पण माझ्या आदल्या दिवशीच्या शब्दामुळे दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं. तेव्हापासून मी तलावावर जाताना घड्याळ आधी बघतो आणि किट नंतर उघडतो.

हा लेख तलाव ठेक्यानं घेणाऱ्या मच्छीमार संस्थांसाठी, शेततळ्यात बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) सोडणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आणि प्राणिशास्त्र किंवा भूगोलाचा प्रकल्प करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. मेलेल्या माशाकडून कारण शोधत मागं जाणं फार अवघड असतं. तलाव जिवंत असताना वर्षभर वही ठेवली, तर मरतुकीच्या दिवशी निम्मं उत्तर त्या वहीतच सापडतं.

मृगाच्या आधी: पाणलोट पायी फिरा

पहिलं काम पाण्यात नाही, रानात आहे. तलावाला मिळणारा ओढा त्याच्या तोंडापासून उलटा चढत जा. वाटेत कुठे काठ ढासळलाय, कुठे नाली थेट ओढ्यात उतरते, कुठे गोठा किंवा गावची गटार जोडलेली आहे, कापूस-सोयाबीनची रानं किती जवळ आहेत, हे हातानं काढलेल्या नकाशावर टिपा. फवारणीचे पंप कुठल्या पाण्यावर धुतले जातात, हेही विचारा. लोक सहज सांगतात, विचारणारा मात्र कुणी नसतो.

आपल्याकडचं पाणी असं का वागतं, याचं मूळ खाली खडकात आहे. मराठवाडा जवळजवळ सगळा दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. तो खडक झिजून जी काळी माती झाली, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पाण्यात गेली की लवकर खाली बसत नाही. बेसाल्टमधून सुटणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाणी जड (क्षारयुक्त) करतं, सामू (पीएच) वर ठेवतं. रानात जी चुनखडी सापडते ती याच क्षारांची साठवण. या तीन गोष्टी, म्हणजे न बसणारा गढूळपणा, जड पाणी आणि चढा सामू, लक्षात ठेवा. पुढं प्रत्येक पायरीला त्या आडव्या येतात.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या भागात दिसते: गाळपेर. पाणी उतरत जातं तसतसा उघडा पडलेला तलावाचा तळ पेरला जातो. जायकवाडीच्या नाथसागरापासून लहान गावतलावांपर्यंत हे चालतं. त्या रानाला खत पडतं, फवारणी होते आणि पावसाळ्यात तीच जमीन पाण्याखाली जाते. तुमच्या नकाशावर गाळपेर कुठपर्यंत आहे आणि तिथं काय पीक होतं, ही रेघ हवीच.

वही कशी आखायची

शंभर पानी वही पुरते. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, आभाळ (निरभ्र, ढगाळ, पाऊस), वारा, पाण्याचं तापमान, पाण्याचा रंग, पारदर्शकता, आणि मासे वर येताना दिसले का, एवढं लिहा. वेळ न लिहिलेली नोंद मी धरत नाही, मग आकडा कितीही नेमका असो. आठवड्यातून दोनदा, एकदा सूर्योदयापूर्वी आणि एकदा दुपारी तीनच्या आसपास, ही जोडी जमली तर उत्तम. एकच जमत असेल तर पहाटेची धरा.

जागा नेहमी त्याच असाव्यात: एक बांधाजवळ खोल पाण्यात, एक ओढा मिळतो तिथं, एक उथळ काठाला. खुणेला बांबू रोवा किंवा काठावरचं झाड धरा.

तराफ्यावर एकट्यानं जाऊ नका आणि मुलांना लाइफ जॅकेटशिवाय नेऊ नका. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात गेलं की काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत कमरेएवढा मऊ असतो. तिथं फळी टाकल्याशिवाय पाय ठेवायचा नाही.

पहाटेचा ऑक्सिजन

माशाला हवा तो ऑक्सिजन पाण्यात विरघळलेला असतो आणि पाणी जितकं गरम, तितका तो कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम मावतो, २५ ला ८.३, ३० ला ७.६ आणि ३५ ला ७.० च्या आसपास. आपण ४०० ते ६०० मीटर उंचीवर आहोत, त्यामुळे यातून आणखी पाचेक टक्के वजा करा. म्हणजे एप्रिल-मेमध्ये तलावाची झोळीच लहान झालेली असते.

दिवसा पाण्यातली हिरवी सूक्ष्म शेवाळं ऑक्सिजन सोडतात. गडद हिरव्या पाण्यात दुपारी तो १२-१५ मिलिग्रॅमपर्यंतही चढतो. रात्री तीच शेवाळं, मासे आणि तळाचा गाळ सगळे मिळून तो खातात. सूर्य उगवण्याच्या जरा आधी तळ गाठला जातो. आभाळ दोन-तीन दिवस गच्च राहिलं की दिवसाची कमाई घटते, रात्रीचा खर्च तोच राहतो. माझ्या त्या तलावात नेमकं हेच झालं होतं: तीन दिवस ढग, वारा पडलेला, पाणी पोपटी हिरवं.

मोजायला दोन रस्ते आहेत. बाजारात मिळणारं रंग जुळवायचं किट रोजच्या कामाला पुरतं. प्रकल्पाला आणि वादाच्या प्रसंगी मात्र विंकलर पद्धत वापरा. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं ती १८८८ मध्ये मांडली आणि आजही तीच कसोटी मानली जाते. साहित्य कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतं.

१. ३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली तिरकी धरून हळू भरा. बुडबुडा राहिला तर ओतून पुन्हा भरा. खोलीवरचं पाणी हवं असेल तर दगड बांधलेल्या बाटलीच्या बुचाला वेगळी दोरी बांधा आणि खाली गेल्यावर बूच ओढा. असं भरताना थोडी हवा मिसळतेच, म्हणून आलेला आकडा खऱ्यापेक्षा किंचित जास्त समजा.

२. जागेवरच २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडा. बूच लावून वरखाली करा. साका (पाण्यात तयार होऊन खाली बसणारा चोथा) तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, जितका गडद तितका जास्त. साका पांढराशुभ्र राहिला तर ऑक्सिजन जवळजवळ नाही. मला विचाराल तर गावकऱ्यांसमोर दाखवायला यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही. पांढरी बाटली पाहिली की संशयाची कुजबुज थांबते.

३. साका बसला की २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला, साका विरघळून पिवळं-तपकिरी द्रावण होईल. हे आम्ल आणि आधीचं अल्कली दोन्ही कातडी जाळतात. हातमोजे आणि चष्मा हवाच.

४. त्यातलं २०० मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटनं अनुमापन करा, म्हणजे ते थेंब थेंब घालत किती लागलं ते मोजा. फिकट पिवळं झाल्यावर स्टार्चचे थेंब टाका, निळा रंग येईल. तो जाईपर्यंत लागलेलं प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम ऑक्सिजन.

पहाटे ५ च्या वर असेल तर निश्चिंत राहा. ३ च्या खाली कार्प मासे (कटला, रोहूसारखे) ताणात असतात, खाणं सोडतात. ऑक्सिजन १-२ वर आला की पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतात. मरळ अशा वेळी शांत दिसते, कारण तिला हवेतून श्वास घेण्याची सोय आहे. कटला वर धापा टाकतोय आणि मरळ बिनघोर, हे दृश्य दिसलं तर किट उघडण्याआधीच पाण्याचा पंप सुरू करा.

जुन्या भोयांच्या तोंडी "पाणी फिरलं" असा शब्द आहे. उन्हाळाभर वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं गार आणि जड असं थरावर थर राहतं. खालच्या थरात ऑक्सिजन संपलेला असतो, गाळातून सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड सुटत असतो. वळवाचा गार पाऊस जोरात पडला किंवा वादळी वारं आलं की वरचं पाणी गार होऊन खाली जातं आणि खालचं वर येतं. सोबत रानातला पालापाचोळा, शेण, सगळा पहिला लोंढा. म्हणून रोहिणी-मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या दोन पहाटा तलावावरच काढायच्या, ही माझी ठाम शिफारस आहे.

सामू, अमोनिया आणि चुन्याची घाई

मासे वर आले की पहिला माणूस चुन्याची गोणी आणतो. आपल्याकडे हीच घाई महागात पडते, म्हणून इथं थोडं थांबतो.

माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक रूप माशाला फारसं बाधत नाही, दुसरं थेट कल्ल्यांतून रक्तात शिरतं. कुठलं रूप किती, हे सामू आणि तापमान ठरवतं. पाणी ३० अंशांवर असताना सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला १ टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ ला तो साधारण साडेसात टक्के होतो. सामू ९ ला थेट ४५ टक्क्यांच्या घरात.

बेसाल्टवरच्या पाण्याचा सामू मुळातच आठच्या आसपास असतो. हिरव्या पाण्यात दुपारी शेवाळं कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि तो ९ वर जातो. अशा वेळी कळीचा चुना टाकला तर सामू आणखी चढतो आणि असलेला अमोनिया अधिक जहाल होतो. तेव्हा चुन्याआधी सामू मोजा, तोही सकाळी आणि दुपारी असा दोनदा. ८.५ च्या वर असेल तर चुना नको. खाद्य बंद करा, जमलं तर ताजं पाणी सोडा. चुना द्यायचाच असेल तर तो तळ वाळलेला असताना गाळावर द्यावा.

प्लास्टिकचं अस्तर असलेल्या शेततळ्यात हा प्रश्न अधिक लवकर उभा राहतो. तिथं अमोनिया रिचवणारा तळाचा गाळ जवळजवळ नसतो, माशांची दाटी जास्त आणि खाद्य रोजचं. अशा शेततळ्यात आठवड्यातून एकदा अमोनिया किटनं तपासा.

अमोनियापासून पुढं नायट्राइट बनतं. ते रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घालवतं आणि कल्ले तांबड्याऐवजी चॉकलेटी दिसायला लागतात. कल्ल्याचा हा रंग एकदा पाहिला की विसरत नाही.

गढूळपणा: माती की शेवाळ?

२० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्या, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांत रंगवा, मध्ये दोरी आणि खाली वजन. इटलीच्या अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्रावर वापरलेलं हे साधन, आज तालुक्याच्या वेल्डरकडून अर्ध्या तासात होतं. चकती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोन्हींची सरासरी लिहा. मत्स्यतळ्यात ३० ते ४० सेंटिमीटर चांगलं मानतात.

पण हा नियम शेवाळाच्या हिरव्या पाण्यासाठी आहे. आपल्या तलावात चकती १५ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली, तर ती मातीमुळे की शेवाळामुळे हे आधी ठरवावं लागतं. काचेचा ग्लास भरून रात्रभर ठेवा. हिरवट पाण्यात लुकलुकणारे ठिपके हलताना दिसतील. करड्या-तपकिरी पाण्यात सकाळीही तोच गढूळपणा राहील. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर पाण्यात १ मीटर खाली बसायला तीन दिवसांहून जास्त घेतो, त्याच्या निम्म्या आकाराचा चौपट वेळ. तलावात तर वारा तो पुन्हा उचलतोच. अशा पाण्यात उजेड आत जात नाही, माशाचं नैसर्गिक खाद्य तयार होत नाही, आणि कल्ल्यांवर मातीचा चिकटा बसतो. इथं शेणखत ओतून पाणी "हिरवं" करण्याचा प्रयत्न वाया जातो, वर ऑक्सिजनही खातो. ओढ्याच्या तोंडाशी गवताचा पट्टा किंवा दगडी बांध घालून माती अडवणं हाच उपाय टिकतो.

महिन्याला तीस मासे

तीसच का? समजा तलावातल्या दहा टक्के माशांना एखादा परजीवी लागलाय. तीस मासे तपासले तर त्यातला निदान एक तरी हाती लागण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर जाते. पाच मासे पाहून "सगळं ठीक" म्हटलं तर निम्म्याहून जास्त वेळा आपण चुकलेले असतो. शेततळ्यात एवढे पकडणं जड जात असेल, तर निदान खाद्याच्या जागेला न येणारे, काठाला एकटे फिरणारे मासे तरी धरा.

फेकजाळ्यानं पकडा, तलावाच्याच पाण्याच्या टोपलीत ठेवा, हात ओले करून उचला. कोरड्या हातानं माशाचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याच जागी नंतर बुरशी धरते.

लांबी तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये घ्या. वजनाला शंभरानं गुणून लांबीच्या घनानं भागा. २५ सेंटिमीटरचा रोहू २०० ग्रॅम भरला तर आकडा १.२८ येतो, १५० ग्रॅम भरला तर ०.९६. याला सुस्थिती गुणांक म्हणतात. कटला मुळातच रुंद अंगाचा, त्यामुळे त्याचा आकडा रोहूशी ताडू नका. कटला कटल्याशी, आणि या महिन्याचा मागच्या महिन्याशी. दोन महिने सलग घसरला तर खाद्य, दाटी किंवा परजीवी यांपैकी काहीतरी आहे.

मग डोळ्यांनी बघा. अंगावर पाच ते दहा मिलिमीटरचा चपटा, जवळजवळ पारदर्शक, सरकणारा ठिपका म्हणजे अर्ग्युलस, माशाची ऊ. खवल्यांतून दोऱ्यासारखं बाहेर आलेलं, टोकाला दोन पिशव्या असलेलं ते लर्निया, हाही परजीवीच. मिठाच्या खड्यांएवढे पांढरे ठिपके म्हणजे इक हा रोग. कापसासारखा पुंजका म्हणजे बुरशी, पण ती बहुतेक वेळा आधीच्या जखमेवर बसलेली असते, म्हणून जखम कशानं झाली ते शोधा. पोट फुगून खवले मक्याच्या कणसासारखे उभे राहिले तर जलोदर. तो अनेकदा एरोमोनास या जिवाणूमुळे होतो, आणि हा जिवाणू पाण्यात नेहमीच असतो. मासा अशक्त झाला की तो उलटतो.

हिवाळ्याचा एक आजार वेगळा सांगायला हवा. डिसेंबर-जानेवारीत पाणी १८ ते २२ अंशांवर आलं की मरळीच्या अंगावर आधी लाल चट्टे, मग खोल व्रण दिसतात. हा साथीचा व्रणरोग अफॅनोमायसेस इन्व्हाडन्स या बुरशीसदृश जिवामुळे होतो. भारतात तो १९८८ मध्ये आला. मरळ त्याला सगळ्यांत आधी बळी पडते, म्हणून कार्पच्या तलावातही दोन-चार मरळींवर नजर ठेवा. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनं यासाठी सिफॅक्स हे औषध तयार केलं आहे. मात्रा तज्ज्ञाला विचारूनच द्या.

कल्ला मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच बघायचा. नुकत्याच मारलेल्या माशाच्या कल्ल्याचं टोक कात्रीनं कापा, काचपट्टीवर ठेवा, वर तलावाच्याच पाण्याचा थेंब. नळाच्या पाण्यानं बारीक परजीवी मरतात आणि सापडत नाहीत. शाळेत सूक्ष्मदर्शक नसेल तर मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेतून आलेला कागदी फोल्डस्कोप चालतो. तो सुमारे १४० पट मोठं दाखवतो, आणि कल्ल्याच्या पट्ट्यांत वळवळणारे कृमी त्यात दिसतात. आठवीच्या मुलींना ते पहिल्यांदा दिसलं, तेव्हा त्यांनी उरलेले सगळे मासे स्वतः तपासून काढले.

मरतूक झालीच तर: पहिले सहा तास

पोचल्यावर आधी विचारा: पहिला मेलेला मासा कुणी, किती वाजता पाहिला? मागचे तीन दिवस आभाळ कसं होतं? काल परवा कुठं फवारणी झाली? उत्तरं शब्दशः लिहा.

मग काठानं चालत मोजा. मोठे मासे मेले, लहान वाचले, तोंडं उघडी आणि कल्ल्यांची झाकणं ताणलेली, मरण पहाटेचं: ऑक्सिजनची कमतरता. सगळ्या आकाराचे, सगळ्या जातींचे, दिवसाच्या कुठल्याही वेळी मेले आणि सोबत झिंगे, पाणकिडे, बेडकंही मेली: विषाचा संशय धरा. पायरेथ्रॉइडसारखी कीटकनाशकं झिंगे आणि पाणकिडे यांना माशांच्या आधी मारतात, त्यामुळे काठाच्या गवतात चाळणी फिरवून एकही जिवंत किडा सापडत नसेल तर ते फार महत्त्वाचं आहे. रोज पाच-दहा असे आठवडाभर, बहुतेक एकाच जातीचे, अंगावर खुणा असलेले: आजार.

ही विभागणी दर वेळी इतकी स्वच्छ निघत नाही. अर्धमेल्या ऑक्सिजनमध्ये आठवडे काढलेला मासा आजारी पडतो, आणि दोन्ही खुणा एकत्र दिसतात. अशा वेळी एकच कारण लिहायचा हट्ट नको, दोन्ही लिहा.

नमुना कशाचा? सडलेल्या माशाचा उपयोग नाही. मरणाच्या दारात असलेला जिवंत मासा सगळ्यांत चांगला, तो नसेल तर डोळे स्वच्छ आणि कल्ले लाल असलेला. बर्फात ठेवा, गोठवू नका. ऊतींच्या तपासणीसाठी व्रणाच्या कडेचा, कल्ल्याचा, यकृताचा तुकडा एक सेंटिमीटरहून जाड नसलेला, तुकड्याच्या दहापट, १० टक्के बफर फॉर्मेलिनमध्ये. जनुकीय तपासणीसाठी वेगळा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. विषाच्या संशयात पाणी गडद काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून बर्फात, सोबत ओढ्याच्या तोंडाचा मूठभर गाळ, कारण पायरेथ्रॉइड पाण्यातून लवकर जातं आणि मातीच्या कणांना चिकटून राहतं. प्रत्येक डब्यावर पेन्सिलनं जागा, तारीख, वेळ. शाई फॉर्मेलिनमध्ये उडते.

आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा, मग उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात किंवा जवळच्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात विचारून नमुने न्या. विषाचा संशय असेल तोवर तो मासा बाजारात जाऊ देऊ नका, हे संस्थेला पटवणं कठीण असतं, पण तिथं मी कधी माघार घेत नाही. मेलेले मासे विहिरीपासून दूर खड्ड्यात चुन्याचा थर देऊन पुरा.

मे महिन्यात: गाळ वाचा

तलाव आटला की लोक तिकडं फिरकत नाहीत. मला हेच दिवस सगळ्यांत मोलाचे वाटतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा कित्येक तलावांचे तळ पहिल्यांदा पूर्ण उघडे दिसले.

तळाच्या खोल भागात पाऊणएक मीटर खड्डा खणा आणि एक भिंत फावड्यानं सरळ तासा. वाळूची फिकट रेघ म्हणजे मोठा लोंढा आलेलं वर्ष. बारीक काळा मऊ थर म्हणजे संथ पाणी. काळा आणि सडक्या अंड्याच्या वासाचा म्हणजे तिथं ऑक्सिजन पोचत नव्हता. पण थर मोजून वर्षं काढताना एक धोका आहे. काळी माती भेगाळली की वरची माती भेगांतून खाली पडते आणि थर मिसळतात. म्हणून दरवर्षी कोरड्या पडणाऱ्या भागातला छेद कालमापनाला धरू नका, सगळ्यात शेवटी ओली राहणारी जागा निवडा.

गाळात वाळू किती, चिकणमाती किती हे बरणीत कळतं. सरळ काचेच्या बरणीत मूठभर सुका गाळ, चिमूटभर धुण्याचा सोडा, वर पाणी, जोरात हलवा. खाली ठेवल्यावर मिनिटभरात बसते ती वाळू, तिची उंची मोजा. वरचं पाणी दहा सेंटिमीटरचं धरलं तर आठ तासांपर्यंत बसते ती गाळवट, म्हणजे वाळू आणि चिकणमातीच्या मधली बारीक माती. त्यानंतरही तरंगत राहते ती चिकणमाती.

गाळ काढून रानात नेणाऱ्यांनी हीच बरणी करून बघावी. राज्यात २०१७ मध्ये धरणातला गाळ शिवारात टाकण्याची योजना सुरू झाली आणि हलक्या मुरमाड रानाला त्याचा फायदाही होतो. पण मुळातच भारी, चिबड होणाऱ्या जमिनीवर आणखी चिकणमाती टाकून काही साधत नाही. माशांच्या बाजूनं सांगायचं तर सगळा तळ एकसारखा सपाट खरवडू नका. एक-दोन खोल डोह ठेवले तर मे महिन्यातही थोडं बीज जगतं.

वाळलेल्या तळाला हवा लागते, सडका भाग जळून जातो आणि पहिल्या पाण्याबरोबर त्यातली अन्नद्रव्यं सुटतात. "नव्या पाण्याचा मासा जोमानं वाढतो" हे भोई सांगतात त्याचं कारण हेच. त्या वर्षी खाद्य कमी लागतं. पहाटेच्या नोंदी मात्र वाढवा, कारण तीच अन्नद्रव्यं शेवाळही भरभरून वाढवतात.

वर्षाला गाळ किती साठतो हे मोजायला महागडं काही लागत नाही. खोल भागात हातभर लांब-रुंद चौकोन सपाट करा, त्यावर विटांच्या भुकटीचा बोटभर थर पसरवा आणि कोपऱ्यांवर लोखंडी गज ठोकून बांधापासूनचं अंतर वहीत लिहा. पुढच्या उन्हाळ्यात तिथं प्लास्टिकचा पाइप दाबून गाळाचा गाभा काढला की तांबड्या रेघेवर किती सेंटिमीटर काळं चढलंय ते पट्टीनं मोजता येतं. हे काम रोहिणी नक्षत्र संपायच्या आत उरकावं लागतं. मृगाचा पहिला लोंढा आला की भुकटी बसण्याआधीच वाहून जाते आणि वर्ष हातचं जातं.